पानाची पाठ

हत्तुरे बाईंनी चाळीस पानं आणायला सांगितली होती.
देठासकट, देठाच्या बगलेतल्या कळीसकट,
जुन्या वर्तमानपत्रात दाबून.
"कळी नाही तिथे पान नाही," त्या बजावायच्या.
"कडुलिंबाची ती सगळी काडी मिळून एक पान.
तुम्ही तोडून आणता ती नुसती पर्णिका."

भुईकोटाच्या बागेतून, तळ्याच्या काठावरून,
कुंभारी रोडच्या हिवराखालून
मी वही फुगवत घरी यायचे.

घरी अम्मा मांडीवर सूप घेऊन.
तिला एकच पान ठाऊक होतं.
पुस्तकात टेंभुर्णी, तिच्या तोंडी तुनिकाकू.
बावीस वर्षं, दिवसाला हजार विड्या.
पत्र्याचा फर्मा, कात्री, दोरा
आणि ओल्या गोणपाटातून घरभर पसरणारा
तो तपकिरी वास, जो माझ्या दप्तरालाही यायचा
आणि वर्गात मी मागच्या बाकावर बसायचे.

तिनं झाड पाहिलं नव्हतं.
पानं पुड्यांनी यायची, पुडे पोत्यांनी,
पोती कुठून, ते कारखान्यातल्या चेकरलाही सांगता आलं नसतं.

एकदा लाइट गेली.
गंमत म्हणून मी माझी पानं
एकेक करून तिच्या हातात दिली.

बोर.
ती उलटं करून अंगठा फिरवते: "मागून मांजर आहे."
करंज: "तेल लावून बसलंय."
उंबर: "ह्याला खरूज झालीय की गं."
आपटा: "फाटता फाटता ऱ्हायलंय."
पिंपळाचं नुसतं टोक चिमटीत धरून हसली.
कडुलिंबावर थांबली जरा,
दातेरी कडेवरून नख नेत नेत बुडापाशी आली.
"एक खांदा उतरलाय. तुझ्या नानासारखा."
नाना तेव्हा मागावर, रात्रपाळीला.

मी मेणबत्तीत लिहून घेत होते:
रोमश पृष्ठ. चकचकीत. खरखरीत. द्विखंडी. पुच्छाग्र. असमान तळ.
अम्मानं एकाही झाडाचं नाव घेतलं नाही.
माझी यादी तिच्याशी ताडून पाहिली,
एकही चूक नव्हती. तिची.

थंडीत सहल गेली किनवटकडे.
बाईंनी एका काळ्या खोडावर थाप मारली,
मगरीसारखी साल, चौकोन चौकोन तडकलेली.
"ओळखा."
मी वर पाहिलं आणि मला एकदम
आमच्या घराचा वास आठवला, पण तिथे वास नव्हता.
पानं हिरवी होती.
हे मला कधी सुचलंच नव्हतं, की ती हिरवी असणार.

ओल्या रुमालात एक पान आणलं.
अम्मानं पुढून पाहिलं, मागून पाहिलं.
"जाड आहे. कुणाच्या बागेतलं?"
मी काहीच बोलले नाही. वाईट वाटलं, का ते कळलं नाही.
पान खिडकीत राहिलं आठ-दहा दिवस,
वाळलं, रंग सोडला.

मग एका दुपारी पानं कमी पडली म्हणून
की काय, तिनं तेही भिजवलं,
फर्मा ठेवला, कात्री घातली.
कर्र.
हात थांबला.
पुन्हा थोडीशी कात्री, हळू. कान दिलेला.

"झाड केवढं असतं गं?"
मी हात वर केला, पत्र्यापर्यंत,
मग म्हटलं, ह्याच्याही वर.
"सावली पडते?"
"पडते की."
"बरी पडते का?"
मी आठवून पाहिलं. आम्ही सगळे त्याखाली डबे खाल्ले होते.
"बरी पडते."

तिनं पान माझ्याकडे सरकवलं
आणि सुपातलं दुसरं उचललं.
अजून तीनशे व्हायच्या होत्या.

एक बाजू कापलेलं ते पान मी एक्केचाळिसावं म्हणून चिकटवलं.
कळी आणायची राहिली होती.
बाईंनी त्याचे गुण धरले नाहीत.